सिमेंटखाली लायनिंग नाही, म्हणून दाढ सणकते का?

पत्र : डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४२. तीन आठवड्यांपूर्वी उजवीकडच्या खालच्या दाढेत पांढरं सिमेंट भरून घेतलं. तेव्हापासून गार पाणी लागलं की सणक जाते आणि दोन-तीन सेकंदांत थांबते. पहिल्या आठवड्यात जास्त होती, आता जरा कमी आहे. त्या बाजूने शेंगदाणा चावला तर कधीकधी टोचल्यासारखं होतं. परवा नणंदेच्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही बाजूंचे एक्स-रे काढले आणि म्हणाले, "खाली लायनिंगच घातलेलं नाही, हे काढून पुन्हा भरावं लागेल." पहिल्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणतात, "आता लायनिंगची गरज नसते." शिवाय डावीकडच्या दाढेत माझ्या लग्नाआधी भरलेली चांदी आहे. तिच्या खाली एक्स-रेत काळा पट्टा दिसतो, आत कीड आहे, तीही काढू असं दुसरे डॉक्टर म्हणतात. ती दाढ आजवर एकदाही दुखलेली नाही. सासूबाईंचं म्हणणं, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेव, आपोआप थांबेल. कुणाचं ऐकू? पहिल्या डॉक्टरांनी पैसे वाचवायला लायनिंग गाळलं का? – स. प., इचलकरंजी

स. प. ताई,

कामाचं आधी सांगते. उजवी दाढ इतक्यात उकरायला देऊ नका. डावीकडची चांदीही आहे तशी राहू द्या, निदान खाली सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी तपासून होईपर्यंत. पहिल्या डॉक्टरांनी पैशांसाठी काही गाळलं असं तुमच्या पत्रावरून मला तरी वाटत नाही. लायनिंग म्हणजे भरायच्या सिमेंटखाली खड्ड्याच्या तळाला घालतात तो थर. नेहमीच्या लायनिंगचं सामान इतकं थोडं लागतं की त्यात वाचवण्यासारखं काही नसतं. दुसरे डॉक्टरही खोटं बोलत असतील असं नाही. आमच्या पिढीला कॉलेजात जे शिकवलं तेच ते सांगताहेत. मधल्या काळात दातात भरायचं सामान बदललं आणि त्याखाली काय घालायचं याचा हिशेबही बदलला. हा बदल सगळ्या दवाखान्यांत सारखाच पोचलेला नाही, त्यातून हा घोळ.

लायनिंग घालायचं की नाही हे रिवाज म्हणून ठरत नाही. कीड काढून झाल्यावर खड्ड्याचा तळ आणि दाताची नस यांच्यामध्ये किती जाडीचं डेंटिन उरलं, त्यावर ते ठरतं. तुमच्या दाढेत ते किती उरलं होतं हे फक्त पहिल्या डॉक्टरांना नीट ठाऊक असणार, कारण उघडी दाढ त्यांनीच पाहिली आहे.

डेंटिन म्हणजे इनॅमलच्या आतला पिवळसर थर. डोळ्यांना तो सलग दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या नळ्याच नळ्या. नसेजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण ४५ हजार, आणि इनॅमलकडे येता येता त्या पांगत आणि अरुंद होत जातात, तिथे २० हजारांच्या आसपास. प्रत्येकीत पाणी. गार लागलं, गोड लागलं, हवेचा झोत बसला की ते पाणी हलतं आणि नसेकडच्या टोकाला असलेले मज्जातंतू चाळवतात. मार्टिन ब्रॅनस्ट्रोम या स्वीडिश संशोधकाने १९६० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं, आणि दात का सणकतो याला आम्ही आजही हेच उत्तर देतो. म्हणजे खड्डा जितका खोल, तितक्या उघड्या पडलेल्या नळ्या जास्त आणि रुंद. तळाशी दोन मिलिमीटर डेंटिन शिल्लक असेल तर नस निवांत असते. त्याच्या तोडीचं लायनिंग कुठल्याही कंपनीने अजून बनवलेलं नाही. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरलं, तर मात्र वर काय घालतो याला फार महत्त्व येतं.

आता लायनिंग आलं कुठून ते बघा, म्हणजे दोन डॉक्टर दोन तऱ्हांनी का बोलतात ते उलगडेल. आपल्याकडे जिला चांदी म्हणतात ते चांदी, कथील, तांबं आणि पारा यांचं मिश्रण, त्यात वजनाने निम्मा पाराच. धातू असल्यामुळे चहाचा चटका आणि बर्फाचा गारठा दोन्ही ती लगेच आत पोचवते. ती दाताला चिकटतही नाही, खड्ड्याच्या आकारात नुसती अडकून बसते, त्यामुळे कडेला बारीक फट राहते. तेव्हा तिच्याखाली काहीतरी घालणं भागच होतं, गरम पातेलं उचलताना मध्ये फडकं धरतो तसं. खड्डा उथळ असला की कोपल नावाच्या राळेचं वार्निश फिरवायचं. खोल असला तर नसेच्या जागी एक पातळ लेप, त्यावर झिंक फॉस्फेटचा जाड बेस आणि मग चांदी.

हे झिंक फॉस्फेट घोटणं म्हणजे आमच्या कॉलेजातला संस्कारच होता. काचेची जाड पाटी गार करून घ्यायची. एका बाजूला पावडर, तिचे लहान-मोठे वाटे पाडलेले. दुसऱ्या बाजूला फॉस्फोरिक आम्लाचे थेंब. एकेक वाटा ओढून घ्यायचा आणि पाटीभर पसरून घोटायचा, कारण मिश्रण तापतं. एकाच जागी घोटत बसलात तर दाढेपर्यंत पोचायच्या आत त्याचा दगड होतो. दीड मिनिटात सगळं उरकायचं, आणि बेससाठी गोळा असा हवा की कोरडी पावडर लावून दाबला तरी अवजाराला चिकटता कामा नये. घट्ट झाल्यावर हे सिमेंट मोठं मजबूत. ओलं असताना मात्र इतकं आंबट, की खोल खड्ड्यात ते नसेलाच त्रास द्यायचं. म्हणून त्याच्याखाली तो लेप. पुढे १९६८ मध्ये झिंक पॉलिकार्बोक्सिलेट आलं, नसेला सौम्य आणि दाताला थोडंफार चिकटणारं. आता तेही फारसं दिसत नाही.

तो खालचा लेप म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. रसायन म्हणून पाहिलं तर आपल्या पानाच्या डब्यातला विरवलेला चुनाच. १९२० च्या दशकात हर्मन या जर्मन दंतवैद्याने तो नसेवर वापरायला सुरुवात केली आणि नंतर कित्येक दशकं त्याला तोडीस तोड दुसरं काही नव्हतं. दवाखान्यात तो दोन छोट्या ट्यूबमध्ये असतो. डायकल हे त्यातलं घरोघरच्या दंतवैद्यांना पाठ असलेलं नाव. कागदी पॅडवर दोन्हींचे सारखे ठिपके काढायचे, टोकाला बारीक गोळी असलेल्या अवजाराने दहाएक सेकंदांत रंग एकसारखा होईपर्यंत मिसळायचे, आणि त्याच टोकाने खड्ड्यातल्या सगळ्यात खोल जागी टेकवायचे. ही खोल जागा कधीकधी ओळखू येते, डेंटिनमधून आतल्या नसेची गुलाबी छटा दिसते. तिथे हात आपोआप हलका होतो. दाढेतल्या उबेने आणि ओलाव्याने लेप पटकन घट्ट होतो. चुना जहाल, त्याचा पीएच ११-१२ च्या घरात. त्यात जंतू तगत नाहीत, आणि लगतच्या पेशी चाळवल्या गेल्याने नस आतून नवं डेंटिन रचायला लागते. पातळ झालेली भिंत दात स्वतःच जाड करतो, आपण फक्त त्याला डिवचायचं. कल्पना म्हणून मला हे अजूनही फार देखणं वाटतं.

(हे वाचून कुणी पानाचा चुना किडक्या दाढेत कोंबू नये. हिरडी आणि गालाचं आतलं कातडं भाजतं, आणि तो कुठवर जाईल यावर आपला ताबा नसतो. मशेरी किंवा तंबाखूची चिमूटही दाढेत धरू नका, दुखणं दडपून कीड मात्र पुढे सरकते.)

पण या चुन्याच्या दोन खोडी आहेत. तो मऊ आहे आणि पाण्यात हळूहळू विरघळतो. वरच्या सिमेंटची कड थोडी जरी झिरपू लागली तर काही वर्षांत खालचा लेप नाहीसा होऊन तिथे पोकळी राहते. त्याच्यामुळे तयार झालेल्या नव्या डेंटिनमध्येही पुष्कळदा बारीक बोगदे असतात. दुसरी खोडी तुमच्या प्रकरणात जास्त महत्त्वाची. पांढरं सिमेंट चुन्याच्या लेपाला धरत नाही. चांदीच्या काळात याने काही बिघडत नव्हतं, ती तशीही कशाला चिकटत नसे. पांढऱ्या सिमेंटचा सगळा जीवच चिकटण्यात आहे. तळभर लेप फासला की तेवढी जागा हातची गेली. तरी अजून काही जण सवयीने पांढऱ्या सिमेंटखालीही तळभर चुना लावतात, ते मला पटत नाही. लावायचाच तर नसेच्या अगदी जवळ एक ठिपका, आणि तोही वरून दुसऱ्या सिमेंटने झाकून.

इथे तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. कंपोझिट, म्हणजे हे पांढरं सिमेंट, भरताना पुष्कळदा आधी ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल लावून धुतात. मग बाँड नावाचं पातळ द्रव्य घासतात. ते नळ्यांच्या तोंडांत शिरतं आणि निळ्या दिव्याखाली घट्ट होतं. जेल न लावता थेट घासायचेही बाँड आहेत, पण शेवटी काम तेच, नळ्यांची तोंडं बंद करणं. ज्यासाठी लायनिंग घालायचं तेच बाँडने केलं. शिवाय कंपोझिट धातू नसल्याने ऊन-गार त्यातून तितकं आत शिरत नाही. त्यामुळे उथळ आणि मध्यम खड्ड्यात वेगळं लायनिंग घालायला कारणच उरत नाही.

वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने दाढांमधल्या कंपोझिटखाली लायनिंग घातल्याने काय फरक पडतो याचा आढावा २०१६ मध्ये घेतला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा चाळला. लायनिंगमुळे नंतरची सणक कमी होते किंवा सिमेंट जास्त टिकतं असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. मुळात प्रयोग थोडे, आणि त्यांचा दर्जाही बेताचा. तेव्हा 'लायनिंग नाही म्हणून दाढ सणकते' हे छातीठोकपणे कुणाला सांगता येणार नाही. 'लायनिंग आता कालबाह्य' हेही तितकंच उतावळं बोलणं झालं. मी स्वतः अजून वापरते, पण खड्डा बघून.

मधल्या खोलीच्या खड्ड्याला माझी पसंती ग्लास आयनोमरला. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते शोधलं आणि १९७२ मध्ये जगापुढे मांडलं. विशिष्ट काचेची पूड एका सौम्य आम्लात कालवायची. हे सिमेंट दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक रीतीने जोडलं जातं, थोडा ओलावा असला तरी धरतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. चावायच्या पृष्ठभागावर एकटं भरलं तर झिजतं. म्हणून तळाला ते आणि वर कंपोझिट, याला आम्ही सँडविच म्हणतो. कंपोझिट घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसतं, आणि त्या आकसण्याचा ताण दाताच्या भिंतींवर येतो. खाली आयनोमर असलं की कंपोझिट कमी लागतं, ताणही कमी. कीड हिरडीपर्यंत उतरलेली असली, तिथे इनॅमल उरलेलं नसलं, तर मी हाच मार्ग धरते.

नस उघडी पडली किंवा पडायच्या बेतात असली, तर आता चुन्याची जागा कॅल्शियम सिलिकेटच्या सिमेंटांनी घेतली आहे. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९० च्या दशकात एमटीए नावाचं असं सिमेंट पुढे आणलं. त्याचा मुख्य घटक काय असावा? पोर्टलंड सिमेंट! घराच्या स्लॅबला वापरतात त्याच जातीचं, अर्थात शुद्ध केलेलं, आणि एक्स-रेत उठून दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं. पाण्यात कालवल्यावर घट्ट होता होता ते चुनाच सोडतं, पण मागे जे उरतं ते डायकलसारखं विरघळून जात नाही, आणि नसेवर तयार होणारी भिंतही अधिक सलग असते. मूळच्या एमटीएला घट्ट व्हायला पावणेतीन तास लागायचे आणि दातावर काळपट छटा यायची. पुढे आलेलं त्याच जातीचं बायोडेंटिन १२ मिनिटांच्या आसपास घट्ट होतं. मात्र ते महाग, आणि एकदा कॅप्सूल फोडली की ती त्याच बैठकीत संपवावी लागते. लायनिंगसाठी वेगळे पैसे लावले जातात ते बहुधा अशा वेळी, आणि ते रास्तही असतात.

आता तुमच्या उजव्या दाढेकडे. मला दिलासा वाटतो तो असा, की सणक गार लागल्यावरच येते, दोन-तीन सेकंदांत थांबते आणि आठवड्यागणिक उतरतेय. याचा अर्थ नस चिडलेली आहे, पण जिवंत आहे आणि सावरतेय. कीड कोरताना मशीनची धग, पाण्याचा आणि हवेचा झोत, आम्ल, सिमेंटचं आकसणं, एवढं सगळं तिच्या अंगावरून गेलंय. बहुतेक दाढा दोन ते चार आठवड्यांत शांत होतात. खोल कीड असेल तर आणखी थोडा वेळ लागू शकतो.

शेंगदाण्याचं मात्र मला वेगळं वाटतं. चावताना टोचतं म्हणजे सिमेंट किंचित उंच राहिलं असण्याची शक्यता मोठी. सिमेंट भरून झाल्यावर दातांमध्ये निळा किंवा लाल कागद धरून 'चावा, घासा' म्हणतात आठवतं ना? पण त्या वेळी अर्धा जबडा भुलीने बधिर असतो. ओठ कुठे आहे तेही कळत नाही, मग माणूस नेहमीसारखा चावणार कसा? कागदावर एक ठिपका उमटतो आणि भूल उतरल्यावर प्रत्यक्षात दाढ दुसऱ्याच जागी आदळते. केसाएवढी उंचीही दिवसभर प्रत्येक घासाला ठोके देत राहते, आणि अशी ठेचली जाणारी दाढ गाराला जास्त सणकते. यावर इलाज पाच मिनिटांचा. भूल न देता पुन्हा कागद धरायचा आणि उमटलेला गडद ठिपका हलकेच घासायचा. पुष्कळदा दोन दिवसांत फरक पडतो. दाढ उकरण्याआधी हे व्हायलाच हवं. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद धरला होता का, हे पत्रात नाही. धरला नसेल तर त्यांचं निदान मी अर्धवट मानेन.

एक बारकावा लक्ष ठेवून पाहा. दात दाबताना टोचतं की दाब सोडताना? सोडताना कळ येत असेल तर दाढेला तडा असू शकतो किंवा सिमेंट तळापासून सुटलेलं असू शकतं. मग मात्र काढून बघणं योग्य ठरेल. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, त्यांचा बराच वेळ वाचेल.

एक्स-रेवरून 'लायनिंग नाही' हे कसं कळलं, याचं मला जरा कोडंच आहे. बाँडचा थर इतका पातळ असतो की तो एक्स-रेत दिसत नाही, आणि कोपऱ्यात साचला तर उलट काळी रेघ दिसते. आणखी एक शक्यता असते. खोल खड्ड्यात नसेलगतची थोडी मऊ कीड मुद्दाम ठेवून वरून पक्कं बंद करणं ही आता मान्य झालेली पद्धत आहे. दंतक्षयाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये तशी स्पष्ट शिफारस केली. सगळी कीड खरवडायच्या हट्टात नस उघडी पडते आणि धडधाकट दाढेचं रूट कॅनाल करावं लागतं. कडेने घट्ट बंद केलेल्या खड्ड्यात जंतूंना खायलाच मिळत नाही, त्यामुळे ती कीड थंडावते. पेशंटला हे ऐकून धक्का बसतो, 'कीड आत ठेवून बंद केलं?' म्हणून पुष्कळ डॉक्टर सांगायचंच टाळतात, आणि मग दुसरीकडे एक्स-रे काढला की असा तमाशा होतो. सांगायला हवं, यात डॉक्टरांची चूकच.

डावीकडच्या चांदीचं. वीसेक वर्षांपूर्वी चांदीखाली चुन्याचा लेप घालायची सर्रास पद्धत होती, आणि त्यातले जुने लेप एक्स-रेत काळे दिसायचे, हुबेहूब किडीसारखे. नंतर कंपन्यांनी त्यात एक्स-रे अडवणारे क्षार घातले. तुमचा पट्टा म्हणजे तो जुना लेप असू शकतो, किंवा लेप विरघळून राहिलेली पोकळी, किंवा खरोखरच कीड. ओळखायचं कसं? लेप असला तर काळा भाग चांदीच्या तळाशी, नसेच्या बाजूला, बऱ्यापैकी रेखीव कडेचा असतो. नवी कीड सहसा चांदीच्या कडेला, त्यातही दोन दाढांच्या मधल्या बाजूला हिरडीजवळ सुरू होते आणि तिची किनार पुसट असते. तोंडात पाहताना चांदीची कड तुटलेली आहे का, तिथे अवजाराचं टोक मऊ जागेत रुततं का, बाजूचा दात करडा दिसतो का, हेही बघायचं. यातलं काही नसेल आणि दाढ इतकी वर्षं गप्प असेल, तर ती उकरण्यात फायद्यापेक्षा नुकसान जास्त, कारण दर वेळी सिमेंट काढताना थोडा चांगला दातही जातो. त्यात पारा आहे म्हणून शाबूत चांदी काढून टाकायचीही गरज नाही. पारा जास्त सुटतो तो ती काढतानाच.

सासूबाईंच्या लवंगेच्या तेलाला मी हसणार नाही. त्यातलं युजेनॉल खरोखरच नस शांत करतं, आणि झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून केलेलं सिमेंट आम्ही पिढ्यानपिढ्या तात्पुरतं भरायला वापरत आलोय. रूट कॅनालच्या मधल्या दिवसांत तोंडाला जी लवंगेची चव येते ती त्याचीच. पण तुमची दाढ बंद आहे. वर बोळा ठेवून तेल आत पोचणार नाही, हिरडी मात्र भाजेल. दुसरं, उद्या खरंच ती दाढ उघडायची वेळ आली तर युजेनॉल कंपोझिटला घट्ट होऊ देत नाही. म्हणूनच लवंगवालं सिमेंट पांढऱ्या सिमेंटखाली लायनिंग म्हणून कधीच चालत नाही. किडीचा उघडा खड्डा ठणकत असेल आणि डॉक्टर सकाळी भेटणार असतील, तर रात्रीपुरता कापसाच्या टोकाला एक थेंब ठीक आहे. सासूबाईंना तेवढं नक्की सांगा.

थांबू नये अशी लक्षणं वेगळी. दुखण्याने रात्री झोप मोडली, काही न खाता-पिता दाढ ठणकू लागली, गाराची कळ मिनिटभर रेंगाळू लागली, किंवा गरम चहाने ठणका आणि गार पाण्याने बरं वाटू लागलं, तर नस सावरण्यापलीकडे गेली असं समजायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सूज किंवा ताप असला तर सुट्टीचा दिवसही बघू नका. अशा वेळी खाली कुठलंही लायनिंग घालून उपयोग नसतो, रूट कॅनालच करावं लागतं. नुसतं उकरून, लायनिंग घालून, पुन्हा सिमेंट भरणं हा त्या दुखण्याचा इलाज नव्हे, आणि आज आहे तेवढ्या सणकेलाही तो लागत नाही.

आता फोन नको, पहिल्या डॉक्टरांना समक्ष भेटा. आधी चावा तपासून घ्या. मग विचारा, 'कीड नसेच्या किती जवळ होती, आणि तळाला काय घातलंत?' सरळ प्रश्न आहे, त्यांना राग यायचं कारण नाही, आणि त्यांच्या केस-पेपरवर ते लिहिलेलं असायला हवं. उत्तर कागदावर घ्या, पुढे कुठल्याही डॉक्टरांना उपयोगी पडेल. तोवर त्या बाजूने बर्फ आणि टणक खाणं टाळा. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरायला हरकत नाही, पण ती सिमेंटच्या खाली जात नाही, हिरडीजवळचा उघडा दात आंबत असेल तर तेवढ्यालाच तिचा आराम. चावा नीट करूनही सिमेंट भरल्यापासून सहा आठवड्यांनंतर सणक तेवढीच राहिली, तर सिमेंट काढून पुन्हा भरण्याचा विचार करायला मी स्वतः सांगेन, आणि तेव्हा तळाला आयनोमर घालायला सुचवेन.

डावीकडच्या दाढेचा जुना एक्स-रे घरात कुठे फायलीत सापडतोय का बघा. काळा पट्टा तेव्हाही एवढाच असेल तर प्रश्न मिटला. नसेल सापडत, तर आताचा एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांकडून मागून घ्या, पैसे दिलेत, तो तुमचा आहे. सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा एक काढून दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांगा.